मदत हवी आहे : .22 पिस्तुलाचे शॉट सतत खाली-डावीकडे जातात

25 मीटर प्रिसिजनचा (सावकाश, अचूक नेम धरून मारण्याचा) सराव, उजवा हात, एकहाती पकड. ट्रिगरचा दाब 1000 ग्रॅमच्या किंचित वर, साइट रेडियस (नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर) 220 मिमी. ग्रुप (शॉट्सचा पुंजका) बऱ्यापैकी घट्ट येतो, पण सातच्या रिंगमध्ये, घड्याळातल्या सात-आठच्या दिशेला. रेस्टवर (टेकूवर) ठेवून मारलं की तेच पिस्तूल, तीच गोळी दहात बसते. म्हणजे साइट फिरवून हे झाकायचं नाही, दोष हातातच आहे.

मॅगझिनमध्ये मधूनमधून डमी राउंड (न उडणाऱ्या नकली गोळ्या) घालून पाहिले. डमीवर ट्रिगर सुटताना नळीचं तोंड खाली झुकतं, म्हणजे धक्का यायच्या आधीच मनगट ढकलतंय. शिवाय ट्रिगरबरोबर खालची तीन बोटंही आवळली जातात. फ्रंट साइट नॉचमध्ये (मागच्या साइटच्या खाचेत) एक मिलिमीटर जरी सरकली, तरी या अंतरावर गोळी 11 सेंटिमीटरहून जास्त हुकते. त्यामुळे हात थोडा डुलण्यापेक्षा हे फार महागात पडतं.

सध्या स्नॅप कॅप (पिनचा मार झेलणारं नकली काडतूस) घालून कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबण्याचा सराव, चालू आहे (रिमफायर (काडतुसाच्या काठावर पिन आपटून उडणारं, .22 सारखं) पिस्तूल रिकामं चालवलं तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटते, म्हणून कॅप हवीच). तिथे फ्रंट साइट जागची हलत नाही. गोळी भरली की सवय परत.

जाणकारांनी सांगावं : ड्राय आणि लाइव्ह शॉटचं प्रमाण किती ठेवावं? ट्रिगरवर बोटाच्या पेराचा नेमका कोणता भाग टेकवावा? आणि ट्रिगरचा पहिला टप्पा (सुरुवातीची हलकी ओढ) संपल्यावर दाब सलग वाढवायचा, की तिथे क्षणभर थांबायचं?