मदत हवी आहे: खाडीच्या पाण्यातले डायटम (एक प्रकारचं सूक्ष्म शैवाल) कशामुळे कमी झाले, क्षारता की नायट्रेट?

मंडळी, मी कोल्हापुरात एम.एस्सी. करतोय, प्रोजेक्ट रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीच्या मुखाजवळच्या वनस्पती प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर) आहे. सप्टेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून दोनदा भरतीच्या वेळी सॅम्पल घेतले, म्हणजे एकूण १२. टिकावेत म्हणून लुगोल आयोडीन घालून ठेवले, सूक्ष्मदर्शकाखाली सेजविक राफ्टर स्लाइडवर मोजणी झालीय. सप्टेंबरमध्ये स्केलेटोनेमा या डायटमचा नुसता खच होता आणि जानेवारीपासून डायटम घटून डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे प्लवक) वाढलेत.

आता घोळ असा की पावसाचं नदीचं पाणी येतं तेव्हा क्षारता कमी आणि नायट्रेट जास्त, पाऊस संपला की बरोब्बर उलटं, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांना बांधल्यासारखे हलतात आणि खरं कारण कुठलं ते सांगताच येईना. कोरिलेशन काढलं, दोन्हीकडं तगडं येतंय. सीसीए (प्रजाती आणि पाण्याचे घटक यांचा संबंध आलेखात बाणांनी दाखवणारी पद्धत) पण करून बघितलं, दोन्ही बाण उलट्या दिशेला पण एकाच रेषेत. तापमान, फॉस्फेटचे आकडे आहेत. सिलिकेट मोजलंच नाही (डायटमचं कवचच सिलिकाचं, तरी सुचलं नाही, काय बोलायचं), आणि उरलेलं पाणी काचेच्या बाटल्यांत आहे, काचेतनं सिलिका पाण्यात उतरतं म्हणून त्याचा भरवसा नाही.

परत सॅम्पलिंग जमणार नाही, सबमिशन पुढच्या महिन्यात आहे. लॅबमध्ये कल्चर वाढवायची सोय पण नाही, तेव्हा प्रयोग करून बघ म्हणू नका.

तर एवढ्या १२ सॅम्पलवर क्षारता आणि नायट्रेटचा परिणाम वेगळा काढायची काही पद्धत आहे का, की सरळ दोन्ही मिळून ‘नदीच्या पाण्याचा परिणाम’ म्हणून लिहिलं तर चालेल?