‘बंगाली बोलणारे कामगार नकोत’ : आमच्या सोसायटीच्या ठरावाबद्दल तुम्हाला काय वाटतं?

इतवारीकर :
गेल्या रविवारी नागपुरात मनीषनगरच्या आमच्या फ्लॅट स्कीमची सभा झाली. टाकीच्या गळतीचा विषय लवकर आटोपला आणि मग एका सभासदाने ठराव मांडला : पोलीस पडताळणी होईपर्यंत बंगाली बोलणारा कामगार, कामवाली किंवा भाडेकरू गेटच्या आत घ्यायचा नाही. बत्तीस घरांपैकी सत्तावीस हात वर झाले. माझा हात खालीच राहिला, आणि त्यावरून घरातही वाद झाला, म्हणून इथे लिहितोय.

इतवारीत आमची दागिने घडवण्याची छोटी वर्कशॉप आहे. चार कारागीर, चौघेही बंगाली. सराफ्यात ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे, बारीक काम त्यांच्याच हातचं. ते पश्चिम बंगालच्या पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या घाटाल-दासपूर भागातून येतात. नकाशा उघडून बघा, तो जिल्हा ओडिशाला लागून आहे, बांगलादेशाची सीमा तिथून लांब. आमचे मोठे कारागीर सतरा वर्षं माझ्याकडे आहेत. माझ्या बहिणीच्या लग्नातली ठुशी त्यांनीच घडवली.

ठरावानंतर तिसऱ्या दिवशी ते एक पाटली दाखवायला घरी आले. वॉचमनने अडवलं. मी खाली पोचेपर्यंत त्यांनी गेटजवळच्या पायरीवर बसून पिशवीतून पिशवी, तिच्यातून आणखी एक पिशवी काढली होती. आधार, मतदार ओळखपत्र, आणि आजोबांच्या नावाचा जमिनीचा पर्चा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा समजा. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. फुंकणी धरून धरून काळी पडलेली बोटं, आणि त्या बोटांनी ते तो कागद हळूच उलगडत होते. तो बंगालीत. वॉचमनला वाचता येईना, म्हणून त्याचा संशय आणखी वाढला. मलाही वाचता येत नाही. सतरा वर्षांत तो कागद बघायची वेळच आली नव्हती.

घुसखोरांना परत पाठवावं, सीमा पक्की बंद व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की माणूस ओळखायचा कशावरून? जिभेवरून?

निवृत्त जवान :
भाऊ, मी बावीस वर्षं सीमा सुरक्षा दलात काढली, त्यातली जास्तीत जास्त बंगालच्या सीमेवर. आता हिंगण्याला असतो. तुमच्या कारागिराबद्दल वाईट वाटलं. पण ठराव करणाऱ्या सत्तावीस घरांना मी वेडं म्हणणार नाही.

बांगलादेशाबरोबरची आपली सीमा ४,०९६ किलोमीटर आहे. सरकारने २०२५ साली संसदेत सांगितलं की त्यातल्या सुमारे ३,२३२ किलोमीटरवर कुंपण झालंय. म्हणजे साडेआठशे किलोमीटरच्या वर सीमा अजून उघडी. कुठे नदी, कुठे दलदल, कुठे जमीनच ताब्यात मिळालेली नाही. आणि कुंपण आहे तेही शून्य रेषेवर, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेवर, नसतं, दीडशे यार्ड आत असतं. त्या पलीकडे आपल्याच शेतकऱ्यांची शेतं. सकाळी गेट उघडायचं, ओळखपत्र ठेवून घ्यायचं, संध्याकाळी मोजून परत घ्यायचं. पौषात धुकं पडलं की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. अशा रात्री कुंपणाला कात्री लागली की सकाळी फक्त तुटलेली तार दिसते.

पकडलेल्यांकडून जे ऐकलं ते सांगतो. दलाल पैसे घेतो, पलीकडून अलीकडे आणतो, स्टेशनवर दुसऱ्याच्या हवाली करतो. पुढे कुठे तरी जन्माचा दाखला, त्यावरून आधार, त्यावरून सगळं. म्हणून ‘त्याच्याकडे कागद आहेत’ हे ऐकून मी थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये हेच म्हटलं, नुसतं आधार, पॅन किंवा मतदार कार्ड आहे म्हणून कोणी नागरिक होत नाही. मग पोलिसांनी तपासायला सुरुवात कुठून तरी करायची की नाही?

ठिय्यावरचा मिस्त्री :
आमच्याबद्दल कोणीच बोलत नाही बाप्पा. मी तीस वर्षांपासून गवंडीकाम करून राहिलो. सकाळी ठिय्यावर आम्ही उभे असतो. भंडाऱ्याचे, बालाघाटचे, छत्तीसगडचे लोक. ठेकेदार येते, आमचा भाव ऐकते अन् गाडी पुढे नेते. कारण त्याच्याकडे साईटवरच पंधरा-वीस पोरं झोपून आहेत, निम्म्या रोजीवर. त्यातले किती इकडचे, किती तिकडचे, मला नाही माहीत. पण एक सांगतो, ज्याच्यापाशी कागद नाही तो रोजी बुडाली तरी बोंब मारू शकत नाही. कोणाकडे जाईन तो? ठेकेदाराला असाच माणूस पाहिजे असते. माझ्या पोरानं करनी सोडली, आता डिलिव्हरी करते. तुमचा कारागीर चांगला असन, पण मी सोसायटीच्या बाजूचा आहे.

इतवारीकर :
मिस्त्रीभाऊ, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण आमच्या ठरावात ठेकेदाराचं नाव कुठेच नाही. ज्याने स्वस्तात माणसं आणून झोपवली त्याच्यावर काहीच नाही. गेटवर अडला तो पाटली घेऊन आलेला माणूस.

वकील ताई :
मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. जवान काकांनी सीमेचं जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आता कायम राहील. पण ‘सुरुवात कुठून तरी करावी’ यातच खरी मेख आहे.

परदेशी नागरिकांबाबतचा कायदा इतर फौजदारी कायद्यांसारखा चालत नाही. चोरीच्या प्रकरणात सिद्ध करायचं असतं सरकारने. इथे १९४६च्या कायद्याच्या कलम ९ पासून ओझं उलटं आहे. संशय आला की मी परदेशी नाही हे त्या माणसानेच दाखवायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते तसंच आहे. त्यामुळे संशय कशावरून घेतला याला इतर कुठल्याही खटल्यापेक्षा जास्त किंमत आहे. भाषेवरून घेतला तर साडेनऊ-दहा कोटींच्या एका भारतीय राज्यावर हे ओझं पडलं.

आणि सिद्ध करायचं म्हणजे काय करायचं? १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मला असेल तर आई-वडिलांपैकी एक नागरिक हवा. त्याच्याही नंतर जन्मला तर एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे तरुण पोराला आधी आईचा किंवा बापाचा पुरावा द्यावा लागतो. माझी आई नरखेडजवळच्या खेड्यात घरीच जन्मली. तिच्या जन्माची नोंद नाही. आजी सांगायची, ‘मारबतीच्या दिवशी झाली, पाऊस लई होता.’ वर्षही अंदाजाने शाळेत टाकलेलं. तिला कोणी विचारत नाही, कारण ती मराठी बोलते.

निवृत्त जवान :
ताई, कायदा तुम्ही बरोबर सांगितला. पण ते ओझं उलटं का आहे तेही सांगा. कारण माणूस कुठून आला हे त्यालाच ठाऊक असतं, सरकारला नाही. आसामात १९८३ साली उलटा प्रयोग झाला होता, पुरावा तक्रारदाराने आणि सरकारने द्यायचा. बावीस वर्षांत त्यातून फारसं कोणी बाहेर गेलं नाही. शेवटी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला आणि अशी घुसखोरी म्हणजे बाह्य आक्रमण आहे असं म्हटलं. हे माझे शब्द नाहीत.

सदरवासी :
आणि दिघोरीचं प्रकरण विसरले का सगळे? तो अफगाण माणूस २०१० मध्ये पर्यटक व्हिसावर आला आणि दहा वर्षं नागपुरात राहिला. २०२१ च्या जूनमध्ये त्याला परत पाठवलं, आणि दोन महिन्यांनी बंदूक घेतलेला त्याचा फोटो सगळ्या पेपरांत. शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. सोसायटी सावध झाली तर काय चुकलं?

वकील ताई :
दिघोरीचाच दाखला घेऊ. तो माणूस सीमा ओलांडून आला नव्हता, व्हिसा घेऊन आला होता. मुदत संपल्यावर राहिला. आणि बंगाली बोलत नव्हता. मनीषनगरच्या गेटवरून तो सरळ आत गेला असता.

जवान काका, २००५ चा निकाल मान्य. पण त्यानंतर आसामने काय केलं तेही बघू. नागरिकांच्या नोंदवहीसाठी (एनआरसी) ३ कोटी ३० लाख लोकांनी कागद दिले. ३१ ऑगस्ट २०१९ ला यादी आली, १९ लाखांहून अधिक नावं बाहेर. एकाच घरात भाऊ आत आणि बहीण बाहेर असंही झालं. ज्या राज्य सरकारला यादी हवी होती त्यालाच ती पटली नाही, त्याने फेरतपासणी मागितली. २००४ मध्ये केंद्रीय मंत्री संसदेत १ कोटी २० लाख घुसखोर म्हणाले, २०१६ मध्ये दुसऱ्या सरकारचे मंत्री २ कोटी म्हणाले. दोन्ही अंदाजच. मोजायला बसल्यावर केवढा गोंधळ होतो ते आसामात दिसलं.

आणि २०२५ चं विसरू नका. मे महिन्यात केंद्राने संशयितांच्या पडताळणीसाठी राज्यांना तीस दिवसांची मुदत दिली. जूनमध्ये मुंबईतून उचललेल्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं, आणि ते मुर्शिदाबादचे, भारताचे नागरिक निघाले. बंगाल पोलीस आणि सीमा सुरक्षा दल मध्ये पडलं तेव्हा परत आले. दिल्लीतून पाठवलेल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईसाठी तर उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. गावच्या पोलीस ठाण्यातून उत्तर येईपर्यंत थांबले असते तर हे टळलं असतं.

निवृत्त जवान :
मुर्शिदाबादच्या मजुरांचं झालं ते चूकच झालं. आपल्या माणसाला आपण रात्री पाण्यातून पलीकडे जायला लावायचं, हे वर्दीला शोभत नाही. मी ते करू शकलो नसतो.

तरीही दुसरी बाजू ऐका. रीतसर परत पाठवायचं तर तिकडच्या सरकारने तो आपला नागरिक आहे असं मान्य करावं लागतं. महिनोन्‌महिने उत्तर येत नाही. तोवर माणूस कोठडीत, खर्च आपला. जवान म्हणून आम्ही एकाच माणसाला पुन्हा पुन्हा पकडायचो. हे ज्याने पाहिलं त्याचा धीर सुटतो. मी ढकलण्याचं समर्थन करत नाही, पण वर्षानुवर्षं काहीच होत नाही म्हणून लोक असे ठराव करायला लागले, एवढं तुम्ही मान्य करा.

वकील ताई :
मान्य करते. त्या विलंबाने दोन्ही बाजूंचं नुकसान केलंय.

मुलचेऱ्याचा :
खूप वेळ नुसतं वाचत होतो. माझी मातृभाषा बंगाली आहे. जन्म गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याचा, शिक्षण मराठीत, नोकरी नागपुरात. १९६४ च्या दंगलींनंतर आजी-आजोबा पूर्व पाकिस्तानातून आले. आधी रायपूरजवळच्या माना कॅम्पात, मग सरकारने चांदा जिल्ह्याच्या जंगलात वसवलं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता. आजीची बॉर्डर स्लिप, म्हणजे सीमा ओलांडताना निर्वासितांना मिळालेली चिठ्ठी, अजून आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे, धान्यात ठेवतात तसा कडुनिंबाचा पाला घालून. घरी कोणी सरकारी माणूस आला की ती आधी पेटीची किल्ली शोधायची, मग पाणी विचारायची.

मी जवान काकांच्या बाजूचा आहे, हे ऐकून नवल वाटेल. सीमा घट्ट हवी, दलाल तुरुंगात हवेत. कारण कोणी चोरून आलं की पहिलं बोट आमच्याकडे वळतं. दाखला काढायला गेलो की साहेब नाव वाचतात आणि मान वर करून बघतात. आमच्या नमःशूद्र समाजाला बंगालात अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, इथे मिळत नाही, ती लढाई वेगळीच. पण तुमच्या सोसायटीचा ठराव वाचला आणि वाटलं, मी फोनवर आईशी बोलत बोलत तुमच्या गेटवर आलो तर?

मागच्या आठवड्यात रूम बघायला गेलो होतो. घरमालकीण काकू छान बोलल्या, डिपॉझिट ठरलं. तेवढ्यात आईचा फोन आला. मी उचलला नाही.

ठिय्यावरचा मिस्त्री :
भाऊ, तुझ्यासारख्याबद्दल मी नव्हतो बोलून राहिलो. माझं भांडण त्या अर्ध्या रोजीशी आहे. पण तुझा फोन वाचला अन् जीव कसनुसा झाला. ठेकेदाराची वही तपासा म्हणा, साईटवर कोण झोपते ते पाहा. गेटवर काय मिळन?

सदरवासी :
पटतंय सगळं, तरी माझं मत बदललेलं नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने १०४ भारतीय अमृतसरला उतरवले, त्यात महाराष्ट्रातलेही होते. बेड्या बघून आपल्याला राग आला, पण कोणी असं म्हटलं नाही की अमेरिकेला परत पाठवायचा हक्कच नाही. तोच हक्क आपल्यालाही हवा. आणि पोलीस तपासेपर्यंत चार दिवस थांबायला लावलं तर एवढं काय बिघडलं?

इतवारीकर :
चार दिवस थांबायला माझे कारागीर तयार आहेत. पण मग सगळ्यांनीच थांबू. येत्या रविवारी मी दुरुस्ती मांडणार आहे : भाषा काढून टाका. काम करणारा कोणीही असो, बंगाली, बिहारी, वऱ्हाडी, त्याला आणणाऱ्या ठेकेदाराने किंवा मालकाने यादी, फोटो आणि गावचा पत्ता पोलीस ठाण्यात द्यावा आणि पोच सोसायटीत जमा करावी. भाडेकरूंची माहिती आपण देतोच की. चुकली तर जबाबदारी आणणाऱ्याची. माझ्या चौघांची यादी मी काल देऊन आलो. मोठे कारागीर विचारत होते, पूजेला गावी गेलो की तिकडेच राहू का. मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त जवान :
यादीला माझा पाठिंबा. पण यादीत खोटा पत्ता लिहिला तर कोण पकडणार, हा माझा प्रश्न तसाच आहे. गावच्या ठाण्याकडून उत्तर येईपर्यंत काम नाही, एवढी ओळ घाला, नाही तर त्या यादीला अर्थ नाही. मला बंगाली वाचता येतं, पोस्टिंगमध्ये शिकलो. तो पर्चा घेऊन त्यांना रविवारी बसवा, मी येतो. मौजा, खतियान नंबर, सगळं वाचून सभेला सांगतो. खोटा वाटला तर तेही सगळ्यांसमोर सांगीन.

इतवारीकर :
या काका. सभा सकाळी दहाला आहे. कारागिरांना विचारलं, ते म्हणाले, आजोबांचं नाव तेवढं नीट मोठ्याने वाचा.