छपराचं काय ठरलं?

काकू: सगळ्यांना नमस्कार. काल रात्री ३ वाजता परत बादल्या लावल्या. माजघरात दोन, जिन्याखाली एक. पलंग सरकवायलाही आता कोरडी जागा उरली नाही. छपराचं यंदा करायचं की नाही, ते एकदा सांगून टाका.

आत्या: अगं वहिनी, फोन करायचास ना. फोटो टाक बघू.

काकू: वन्सं, मागच्या वर्षी ११ फोटो टाकले होते. ग्रुपवर वर आहेत अजून.

दादा: काकू, दोन कोटेशनं आलीत. पहिला १२०० चौरस फूट धरतोय, दुसरा १३९०. दुसऱ्याने सरळ सरळ फुगवलंय. पहिल्यालाच काम देऊन मोकळे होऊ.

अण्णा: माप जमिनीवरचं की उतारावरचं? ते कळल्याशिवाय दर बोलू नका.

ताई: अण्णा, घर तेच आहे ना? १९० फूट वाढले कुठून?

अण्णा: वळचणीसकट घर ४० बाय ३०, म्हणजे १२००. हे झालं आडवं माप. आपलं छप्पर १२ इंचाला ७ इंच चढतं, म्हणून तिरकी बाजू १३.९ इंच येते. १२०० ला १३.९ ने गुणा, १२ ने भागा. १३९०. दुसऱ्याने काही फुगवलेलं नाही. पहिला एक तर चुकलाय, नाही तर निम्मं छप्पर उघडं पडल्यावर उरलेलं 'एक्स्ट्रा' म्हणून लावेल. तेव्हा नाही कोण म्हणणार? जोडावर एकावर एक चढतं आणि कापण्यात जातं त्याचे १० टक्के वेगळे. माल १५३० फुटांच्या आसपास लागेल.

छोटू: अण्णा, हे दहावीत शिकवलं असतंत तर माझे मार्क वाचले असते 😀

आत्या: तो शिकवत होता, तू चेंडू काढायला कौलांवर असायचास. जिन्यावरची फुटकी कौलं कोणाची, सगळ्यांना माहीत आहे.

छोटू: तो चेंडू ताईने मारला होता!

ताई: झालं सुरू.

काकू: इथे पाणी गळतंय. चेंडूचं नंतर बघा.

दादा: बरं, फुटकीच बदलली तर? ४०-५० कौलं, दोन दिवसांचं काम.

छोटू: दादा, आता गंमत नाही करत. मी शनिवारी माळ्यावर गेलो होतो. भिंतीकडच्या तिसऱ्या वाशाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. दोन इंच आत गेला, जोर न लावता. बाहेर काढला तर टोकाला ओला काळा भुसा. शेजारचे दोन वासेही तसेच. त्याच्यावर नवी कौलं ठेवणार?

दादा: हे आधी का नाही बोललास?

छोटू: शनिवारीच लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सगळ्यांनी अंगठे टाकलेत.

अण्णा: म्हणूनच म्हणतो. माप जमिनीवरचं की उतारावरचं? आणि वासे, कौलं अडकवायच्या रिपा, जुनं उतरवणं, राडारोडा नेणं, परांची, आढ्यावरची कोनं, पन्हळ, हे दरात आहे का? दोघांकडून एकाच यादीवर लिहून घ्या.

ताई: पत्रा केला तर स्वस्त पडेल ना?

आत्या: पत्रा नको गं बाई. पावसात फोनवर बोलता येत नाही.

दादा: पण वजन बघ आत्या. कौलं चौरस मीटरला ४०-५० किलो, अर्ध्या मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा ५ च्या आसपास. लाकूड कमी लागेल.

अण्णा: हलका आहे म्हणूनच वारा उचलतो. बांधणी तितकी पक्की लागते. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने पत्र्याच्या आधी जातात, मग गळती तिथूनच. आणि मागच्या शेडचे सिमेंटचे पत्रे कोणी फोडू नका. जुने आहेत, ॲस्बेस्टॉसचे असतील. ते ओले करून अख्खे काढायचे, त्याची धूळ छातीत जाता कामा नये. त्याचा खर्च वेगळा मांडा.

ताई: मी एक बोलू? राग मानू नका. जे तिथे राहतात त्यांनी थोडा जास्त वाटा उचलावा असं मला वाटतं.

काकू: राग नाही. राहतो म्हणून १४ वर्षं पन्हळीतला पाला मी काढते आणि हे शिडी धरतात. त्याचा हिशोब कोणी मागितला नाही, मीही दिला नाही.

आत्या: ताई, घर सगळ्यांच्या नावावर आहे. वाटे समान.

ताई: सॉरी काकू. तसं म्हणायचं नव्हतं.

काकू: असू दे.

दादा: मग वाटे समान, दोघांना यादी पाठवतो. वासे किती बदलायचे ते मात्र उतरवल्यावरच कळेल. प्रत्येक वाशाचा दर आत्ताच ठरवून घेऊ, आणि हाताशी थोडे पैसे वेगळे ठेवू.

अण्णा: माप जमिनीवरचं की...

दादा: उतारावरचं, अण्णा! यादीत पहिल्याच ओळीत लिहिलंय.

छोटू: रविवारी ८ वाजता शिडी लावतो. सगळे वासे टोचून खडूने खुणा करतो. लांब टेप कोणाकडे आहे?

अण्णा: माझ्याकडे. मी येतो.

काकू: या. जिन्याखालची बादली भरली, ओतून येते.