दीर्घ आजारपणाच्या घरात ‘सर्वदा आनंदित असा’ हे वचन कसे पाळावे?

प्रश्न : नगरची एक भगिनी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते अंथरुणाला खिळून आहेत. उजवी बाजू लुळी पडली आहे आणि वाचाही जवळजवळ गेली आहे. आम्ही काय बोलतो ते त्यांना समजते, परंतु उत्तर देताना शब्द सापडत नाहीत व त्यांचे डोळे भरून येतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी त्यांची कूस बदलून गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी लागते. त्यानंतर मला झोप लागत नाही, म्हणून मी वचन वाचत बसते. मुलाचे शिक्षण अजून चालू आहे आणि घर माझ्या शिवणकामावर व दिरांच्या मदतीवर चालते.

मंडळीतील लोक येतात, प्रार्थना करतात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. परंतु मागच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, मला आनंदाची साक्ष देण्यास सांगितले गेले आणि माझ्याने उठवले नाही. नंतर एका ज्येष्ठ भगिनींनी मला जवळ घेऊन सांगितले की, ‘सर्वदा आनंदित असा’ ही आज्ञा आहे आणि जिथे आनंद नाही तिथे विश्वास कुठेतरी कमी पडत असतो. त्यांनी हे प्रेमानेच सांगितले, तरी ते शब्द मनातून जात नाहीत. देव चांगला आहे आणि ख्रिस्ताने माझ्यासाठी प्राण दिला, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीसुद्धा सकाळी डोळे उघडताच छातीवर दडपण येते.

मग माझा विश्वास खोटा आहे का? ज्यांच्या घरी असे आजारपण झाले आहे, त्यांना टिकणारा आनंद कसा लाभला? नाताळच्या उपासनेपुरता नव्हे, तर दुसऱ्या दिवशी भांडी घासतानाही सोबत राहणारा. अनुभवी मंडळींनी कृपया उत्तर द्यावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

ताई, प्रभूमध्ये सलाम. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपला विश्वास खोटा नाही. केवळ आपल्या समाधानासाठी मी हे म्हणत नाही. पवित्र शास्त्रातच त्याला आधार आहे.

आनंदाचा विषय निघाला की आपण सगळे बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्र उघडतो. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे त्यातले वचन आपल्या घराघरांतील कॅलेंडरांवर छापलेले असते. परंतु कॅलेंडरावर एकच ओळ मावते आणि पत्र मात्र चार अध्यायांचे आहे. प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिले. त्याच्यासाठी मदत घेऊन फिलिप्पै येथील मंडळीने एपफ्रदीताला पाठवले होते आणि हा मनुष्य तिथे आजारी पडून अगदी मरणाच्या दारी पोहोचला. दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की, देवाने त्याच्यावर दया केली, आणि त्याच्यावरच नव्हे तर माझ्यावरही केली, यासाठी की मला दुःखावर दुःख होऊ नये. म्हणजे एक दुःख आधीचे होतेच, आणि दुसरे त्यावर येऊन पडण्याची धास्तीही होती. तिसऱ्या अध्यायात तर आपण रडत रडत सांगत आहोत असे तो स्वतःच म्हणतो. आनंदाची आज्ञा देण्याच्या दोनच वचने आधी युवदीया आणि सुंतुखे या दोन भगिनींनी एकचित्त व्हावे अशी त्याची विनवणी आहे. याचा अर्थ ज्या मंडळीला ही आज्ञा मिळाली, ती काही निश्चिंत आणि सुखी माणसांची मंडळी नव्हती. तिच्यात भांडण होते, आजारपण होते आणि तिचा प्रेषित तुरुंगात होता. रडणाऱ्याला बाहेर काढणारी ही आज्ञा असती, तर तिने पौलालाच आधी बाहेर काढले असते.

त्याच्या आनंदाचा आधार परिस्थिती नसून प्रभू आहे, आणि म्हणूनच तो टिकतो. यजमानांची प्रकृती आज थोडी सुधारेल, उद्या कदाचित खालावेल, आणि त्याबरोबर आपले मन वरखाली होईल, हे अगदी स्वाभाविक आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे, ही गोष्ट मात्र यजमानांच्या रक्तदाबाबरोबर वरखाली होत नाही. देव चांगला आहे याविषयी शंका नाही, असे आपण लिहिलेत, तेव्हा ज्याच्यावर हा आनंद उभा राहतो ते आपल्यापाशी आहेच. भावना मागाहून येते, कधी कधी फार उशिरा येते.

अजून एक गोष्ट मला अधिक जोर देऊन सांगावीशी वाटते, आणि ती आपल्यासाठी नसून आपल्या मंडळीसाठी आहे. चौथ्या अध्यायातच पौल फिलिप्पैकरांना म्हणतो की, माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे तुम्ही चांगले केले. त्या मंडळीने पौलाला आनंदी राहण्याचा निरोप धाडला नाही, तर माणूस धाडला. आपल्याकडे साक्ष मागणाऱ्यांनी आठवड्यातून एक रात्र यजमानांची कूस बदलायला कोणाला तरी पाठवावे, असे मी आपल्या पाळकसाहेबांना आदरपूर्वक सुचवीन.

उत्तर : एक तरुण विश्वासी, पुणे

सरांच्या उत्तराविषयी पूर्ण आदर राखून मी थोडा वेगळा विचार मांडतो. दुःखी माणसावर दोष ठेवू नये, हे मला मान्य आहे. परंतु आज्ञेची धारही बोथट होऊ नये. फिलिप्पै शहरातच पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी मारून आतल्या कोठडीत घातले होते आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. मध्यरात्रीच्या सुमारास ते प्रार्थना करीत होते आणि देवाची स्तुती गात होते, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. भूमिकंप नंतर झाला, दरवाजे नंतर उघडले. गाणे आधीच सुरू झाले होते. त्यांनी मन उल्हसित होण्याची वाट पाहिली असती, तर त्या रात्री गाणे झालेच नसते.

माझी आजी शेवटच्या आजारात रोज दिवे लागले की उशीला टेकून एक गीत म्हणत असे आणि म्हणता म्हणता अनेकदा रडत असे. तिचे रडणे आणि तिचे गाणे एकाच खाटेवर चालत असे. म्हणून ताई, आनंद वाटेपर्यंत थांबू नका. रोज एका लहानशा गोष्टीबद्दल प्रभूचे नाव घेऊन आभार माना, मन साथ देत नसले तरीही.

उत्तर : परिचारिका, वसई

ताई, मी कॅथॉलिक आहे, त्यामुळे माझे काही शब्द आपल्याला निराळे वाटतील. माझे बरेचसे आयुष्य रुग्णांच्या आणि त्यांना सांभाळणाऱ्यांच्या सहवासात गेले आहे, म्हणून आधी व्यवहाराचे सांगते.

झोप न लागणे, सकाळी उठताच छाती दडपणे, हे कित्येक आठवडे चालत असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवा, आणि ते केवळ श्रमाचे आहे असे आधीच ठरवून टाकू नका. सेवा करणाऱ्यालाही नैराश्याचा आजार होतो व त्यावर उपचार आहेत. औषध घेणे हा अविश्वास नव्हे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भयाने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला, पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावरचे देवाचे ते मंजूळ बोलणे त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आले. आपल्याला आत्ता भाकरीची आणि झोपेची गरज आहे, आणि तीही देवच देतो.

टिकणाऱ्या आणि न टिकणाऱ्या आनंदाविषयी आपण विचारले आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले, पुढे येशूसंघ स्थापणारे संत इग्नाशियस लोयोला अनेक महिने अंथरुणावर होते. शौर्याच्या कथा त्यांना वाचायला हव्या होत्या, पण घरात ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र तेवढे सापडले. पडल्या पडल्या ते कधी सरदारी पराक्रमाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांप्रमाणे जगण्याचा विचार करीत. दोन्ही विचार चालू असताना मनाला गोड वाटे. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की पहिला विचार संपला की मन कोरडे पडते आणि दुसरा संपल्यावरही प्रसन्नता मागे राहते. पुढे त्यांनी शिकवलेल्या आध्यात्मिक साधनेचा उगम या निरीक्षणात आहे. गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर त्यांचेच सोबती होते. इग्नाशियस यांनी असेही सांगून ठेवले आहे की, मन उजाड झालेले असताना पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलू नये. आपण रात्री वचन वाचता, ते तसेच चालू ठेवा. गोडी लागत नसली तरी ते वाया गेलेले नाही.

पुण्याच्या बंधूंनी गाण्याचे सांगितले, त्याला मी माझ्या कामातली एक गोष्ट जोडते. उजवी बाजू लुळी पडून वाचा जाते, तेव्हा बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते. अशा काही रुग्णांना साधे वाक्य बोलता येत नाही, परंतु लहानपणापासून पाठ असलेल्या गीताचे शब्द चालीवर तोंडून निघतात. सर्वांच्या बाबतीत हे घडतेच असे नाही, तरी वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारा, आणि दरम्यान यजमानांच्या आवडीचे जुने उपासनागीत त्यांच्या समोर बसून, त्यांना आपले ओठ दिसतील अशा रीतीने, सावकाश म्हणा. आनंदाचा प्रश्न आपण एकट्यापुरता विचारला आहे. तो त्यांचाही आहे.

उत्तर : वाचक, दौंड

केडगाव आमच्याजवळच असल्याने पंडिता रमाबाईंविषयी लिहितो. त्यांचा जन्म १८५८ चा. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि थोरली बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले, आणि हाती तान्ही मनोरमा राहिली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते पुढेच आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. एवढ्या विदुषीला ते कबूल करताना कमीपणा वाटला नाही आणि कोणी तिला खोटी विश्वासी ठरवले तर त्याचीही तिला पर्वा वाटली नाही.

पुढे ख्रिस्त मिळून तो आनंद लाभल्यावर त्यांची संकटे थांबली, असेही झाले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली केडगावला आणल्या आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही आणल्या. त्यांना न्हाऊमाखू घालणे, दुखणी काढणे, शिकवणे, यात त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमाचे दिवस गेले. तिथल्याच छापखान्यात स्त्रिया खिळे जुळवीत आणि रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत. कानांनी त्यांची साथ सोडली होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती हे सारे काम सोपवायचे होते ती एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचेही देहावसान झाले. मनोरमेच्या जाण्यानंतर त्या हसतमुख होत्या की नव्हत्या, याने माझ्या मते काहीच ठरत नाही. आनंदाचा झरा आटलेला नव्हता, हे त्यांच्या हातातल्या कामावरून कळते.

प्रश्नकर्त्या भगिनी

आपणा सर्वांचे उत्तर मी यजमानांच्या शेजारी बसून मोठ्याने वाचले. एपफ्रदीताचा भाग मी पाळकसाहेबांना दाखवला. त्यांनी स्त्रीसंघाच्या बैठकीत तो विषय काढला आणि आता मंगळवारी व शुक्रवारी रात्री दोघी भगिनी आमच्याकडे थांबणार आहेत. ज्यांच्या बोलण्याने मला वाईट वाटले होते, त्याच त्यांतील एक आहेत. डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आहेत व महिन्याने पुन्हा बोलावले आहे.

गाण्याचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी ते नुसते पाहत राहिले. नंतर एकदा धृपदाच्या शेवटी त्यांचे दोन शब्द माझ्याबरोबर आले, आणि ते स्पष्ट होते. त्याने मला फार बरे वाटले, आणि ते बरे वाटणे दुसऱ्या दिवशीही होते. रात्रीच्या वाचनासाठी कोणती स्तोत्रे घ्यावीत? उपकारस्तुतीची स्तोत्रे अजून माझ्या ओठांवर बसत नाहीत.

उत्तर : निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

स्तोत्र १३ पासून सुरुवात करा. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हा त्याचा आरंभ आहे आणि सहाच वचनांत ते गायनापर्यंत येते. ज्या रात्री तिथवर पोहोचता येणार नाही, त्या रात्री ८८ वाचा. ते अखेरच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते आणि तरीही देवालाच हाक मारीत राहते. स्तोत्र १२६ यजमानांबरोबर दिवसा वाचा, कारण त्यात रडत रडत बी घेऊन जाणारे आणि पेंढ्या घेऊन आनंदाने परत येणारे एकच आहेत. शुक्रवारी त्या भगिनी आल्या की मात्र काही वाचू नका. त्या रात्री झोपा.