मदत हवी आहे: एटीपीचा बंध तुटताना ऊर्जा मिळते कशी?
नमस्कार मंडळी. एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, तीन फॉस्फेट गट असलेला रेणू. त्याचा शेवटचा फॉस्फेट सुटला की मोलमागे साधारण 30.5 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते (प्रमाणित स्थितीत), असं जीवशास्त्रात शिकवतात. पण रसायनशास्त्र ठामपणे सांगतं, की बंध तोडायला ऊर्जा लागतेच! मला इतकं उमगलंय, की पाण्याशी अभिक्रिया होऊन एडीपी (एक फॉस्फेट कमी झालेला एटीपी) आणि सुटा फॉस्फेट बनतात, ते जास्त स्थिर असतात. शिवाय ऋणभारित फॉस्फेट गटांचं एकमेकांना ढकलणं कमी होतं.

अडतंय ते पुढे. पेशीत फॉस्फेट बऱ्याचदा थेट दुसऱ्या रेणूवर चढतो, उदाहरणार्थ ग्लुकोजवर. तिथे पाणी मध्ये येतच नाही, मग ऊर्जेचा हिशेब कसा मांडायचा? कुणी पायरीपायरीने समजावेल का? विद्यार्थ्यांना शिकवायचंय, अर्धवट सांगवत नाही.