शब्दचर्चा : फुल फॉर्म नसलेल्या शब्दांचे फुल फॉर्म

सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांसाठी कॉम्प्युटरवरची प्रश्नमंजुषा घ्यायची आहे. जमवलेले निम्मे प्रश्न 'फुल फॉर्म सांगा' याच छापाचे : कॉम्प्युटर, मोडेम, पिक्सेल, वाय-फाय, पिंग, डीमन. यांतले खरे कुठले? आणि 'फुल फॉर्म'ला मराठीत काय म्हणायचं?

— कॉम्प्युटरचा प्रश्न आधी काढून टाका. 'कॉमन ऑपरेटिंग मशीन पर्पजली युज्ड फॉर...' ही लांबलचक शेपटी कुणीतरी मागाहून चिकटवलेली आहे. हा शब्द यंत्राच्या कितीतरी आधी माणसांना लावत. हिशेब करतो तो कॉम्प्युटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफांच्या माऱ्याची कोष्टकं तयार करणाऱ्या बायकांचा हुद्दाच 'कॉम्प्युटर' होता. त्यांच्यातल्याच सहाजणींवर पुढे एनिआक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमिंगचं काम आलं. आपला 'संगणक'ही त्याच वाटेचा. संस्कृतातला गणक म्हणजे गणित करणारा. ज्योतिषालाही गणकच म्हणत.

— मोडेम आणि पिक्सेल खुशाल ठेवा. मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर आणि पिक्चर एलिमेंट, दोन्ही अस्सल. फक्त ती आद्याक्षरं नव्हेत, शब्दांचे तुकडे सांधलेत.

— वाय-फायचं काय? आमच्या क्लासच्या पुस्तकात 'वायरलेस फिडेलिटी' छापलंय.

— छापलेलं असेल हो, पण आधी नाव आलं, मग अर्थ. १९९९ मध्ये इंटरब्रँड या नावं पाडणाऱ्या कंपनीकडून ते घेतलं, हाय-फायशी (म्हणजे हाय फिडेलिटी, अस्सल आवाज देणारी ध्वनियंत्रणा) यमक जुळतं म्हणून. 'वायरलेस फिडेलिटी' नंतर जाहिरातीच्या ओळीत आलं.

— पिंगची गोष्ट तर फारच छान आहे. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधताना सोनार नावाचं यंत्र ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं, तसंच इथेही : पलीकडच्या मशीनला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. नाव त्या आवाजावरून. 'पॅकेट इंटरनेट ग्रोपर' ही फोड डेव्हिड मिल्स यांनी नंतर सुचवली. डीमनचंही तेच : १९६३ च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मंडळींनी पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रॅमला मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या काल्पनिक भुताचं नाव दिलं. 'डिस्क अँड एक्झिक्युशन मॉनिटर' हे उपरं.

— म्हणजे ही इंग्रजीतली लोकव्युत्पत्तीच की, लोकांनी मागाहून रचलेलं शब्दाचं मूळ.

— जवळपास. फुल फॉर्मला मी तरी 'विग्रह' म्हणेन. समासाचा विग्रह शाळेत सगळ्यांनी केलेला असतो. आणि या पिंग-डीमनवाल्यांना 'बनावट विग्रह'.

— विग्रह नको, व्याकरणाचे मास्तर भांडायला येतील. समासात शब्द सुटे होतात, इथे एकेका अक्षराला शब्द फुटतो. साधं 'विस्तार' म्हणा. 'पूर्णरूप' सरकारी वाटतं.

— 'विस्तार' चालेल. पण परीक्षेत 'वायरलेस फिडेलिटी' लिहूनच मार्क मिळवलेली पोरं स्टेजवर हुज्जत घालणार, त्याचं काय?

— प्रश्नच फिरवा ना. 'पिंग हे नाव कशावरून पडलं : पाणबुडी शोधणारं सोनार यंत्र, देवळातली घंटा की टेबल टेनिस?' पाठांतरवाले गप्प बसतील, आणि टेबल टेनिसवर हात वर करणारे बरेच निघतील.