लष्करी टीमवाले नेमकं काय मारतात?

नवखा_नेमबाज
दोन वर्षं 10 मीटर एअर पिस्तूल मारतोय. गेल्या स्पर्धेत शेजारच्या लेनवर सैन्याच्या टीमचा एक जण होता. माझे चाळीस शॉट होईतो त्याचे साठ संपून पिस्तूल पेटीत. मला वाटायचं, हे लोक फक्त सर्व्हिस रायफल, म्हणजे सैन्याची नेहमीची रायफल, चालवत असतील. यांच्या स्पर्धा वेगळ्या असतात की आपल्याच? प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

जुनी_चांदमारी
हसण्यासारखं काही नाही, भरती झालो तेव्हा मलाही हेच वाटायचं. सहा वर्षं युनिटच्या टीममध्ये होतो, म्हणून सांगतो.

दोन्ही असतं. विजय कुमार तेव्हा सैन्यातलेच, पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधलं त्यांचं रौप्य 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलातलं. हात 45 अंशांवर खाली, दिवा हिरवा झाला की वर, पाच टार्गेटांवर एकेक गोळी. आधी 8 सेकंदांत, मग 6, मग 4. सैन्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही रॅपिड फायर आहे, पण जास्त जोरदार काडतुसाच्या सेंटरफायर पिस्तुलाने आणि 10, 8, 6 सेकंदांत. वेळ वाढवून दिलाय म्हणून खूश होऊ नका. ऑलिंपिकमधल्या छोट्या पॉइंट टू-टू (.22) पिस्तुलाच्या मानाने ते पिस्तूल चांगलंच उसळतं, आणि ते उसळून परत बसेपर्यंत ती जादाची दोन सेकंदं कुठे गेली ते कळतही नाही.

खरी मजा मात्र सर्व्हिस रायफलची. अमेरिकन कोर्स बघा: 200 यार्डांवर उभ्याने 10, मग त्याच अंतरावर बसून 60 सेकंदांत 10, मॅगझिन बदलणं त्यातच. 300 यार्डांवर आडवं पडून 70 सेकंदांत 10. शेवटी 600 यार्डांवर 20, सावकाश. या वेळ लावलेल्या फेऱ्यांत, म्हणजे रॅपिडमध्ये, घड्याळाकडे बघायचं नसतं. पहिल्या गोळीनंतर रायफल जिथे आपोआप परत बसते, तिथे टार्गेट असायला हवं. नसेल तर पुढच्या नऊ गोळ्या तुम्ही रायफलशी कुस्ती खेळता. म्हणून आम्ही निम्मा वेळ कोरडा सराव करायचो. गोळी नाही, नुसतं पडायचं, बसायचं, डोळे मिटायचे, उघडायचे आणि नळीच्या टोकाची फ्रंट साइट कुठे आलीय ते बघायचं.

कोपरा_ढील
300 मीटरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ 100 मिमीचं असतं. 50 मीटर रायफलचं 10.4 मिमी. अंतराच्या हिशेबाने 300 च सोपं निघतं की!

जुनी_चांदमारी
कागदावर निघतं. तेवढ्या अंतरात वारा तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वाहतो. दुर्बिणीतून तापलेल्या हवेच्या लाटा कुठे झुकतायत ते बघून साइट फिरवायची, आणि घोडा दाबेपर्यंत लाटा सरळ उभ्या. 1972 नंतर ऑलिंपिकमधून 300 मीटर गेलं. सैन्यांनी ते टिकवलं, त्याचं मला कौतुक आहे.

नवखा_नेमबाज
काका, तुमची सगळ्यात वाईट सिरीज कोणती?

जुनी_चांदमारी
दुखती रग दाबलीस. 300 वर रॅपिड. झकास पडलो, रायफल दगडासारखी स्थिर, दहाच्या दहा गोळ्या छान सुटल्या. बटमधून, म्हणजे टार्गेटांजवळच्या बांधावरून, निकाल आला: माझ्या टार्गेटवर शून्य. शेजाऱ्याच्या टार्गेटवर वीस भोकं! पडताना नंबर वाचलाच नव्हता. दुसऱ्याच्या टार्गेटवरची गोळी म्हणजे मिस, दहाही गेल्या. वर टीम कॅप्टन म्हणाला, "ग्रुप मस्त आहे हं."

तेव्हापासून पडलो की आधी नंबर, तोही मोठ्याने. शेजारी हसतात. हसू देत.

नवखा_नेमबाज
उद्यापासून डोळे मिटून उघडायचा सराव सुरू. पिस्तुलालाही चालेल ना?

जुनी_चांदमारी
चालेल की. हात बाजूला गेलेला दिसला तर मनगट वळवू नकोस, पाय सरकव.